डाव्या बटणाची पट्टी

कमल घाडी चिंचपोकळीच्या एका गाळ्यात प्रेसवर पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवते. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे तेव्हा दोन्ही हात बाहेरच असतात. गाळ्यातल्या बायका मात्र डावं बटण रबराच्या पट्टीनं कायमचं दाबून ठेवत. डावा हात मोकळा राहिला की पत्रा पटपट सरकवता येतो. शेठना हे माहीत होतं. झाकणं जास्त पडतात म्हटल्यावर ते कशाला बोलतील.

खंडेनवमीला पूजेसाठी मशिनं पुसायची, तेवढ्यापुरत्या पट्ट्या सुटायच्या. दसरा झाला की परत बांधायच्या. गेल्या वर्षी कमलनं बांधली नाही.

"देवीसमोर सोडली ती सोडली," एवढंच ती म्हणाली.

पहिला आठवडा तिची झाकणं कमी पडली आणि शेठची कुरकुर ऐकावी लागली. महिन्याभरात ती सगळ्यांच्या पुढे गेली, त्यात वाकडं झाकण एखादंच. हे कसं, असं शेठनी विचारलं.

"आधी निम्मं लक्ष बोटांकडं असायचं, शेठ."

यंदा खंडेनवमीला शेठनी सगळ्या पट्ट्या स्वतः कापून टाकल्या. कुंकू लावायचा मान सर्वांत जुन्या शालन तोरस्करला दिला. कमलच्या प्रेसच्या दोन्ही बटणांना शालननं मधल्या बोटानं कुंकू लावलं. तिची अनामिका चार वर्षांपूर्वी याच प्रेसखाली गेली होती. त्या सकाळी तिला पट्टी कमलनंच बांधून दिली होती.