पाव किलो लोखंड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगायलोय — तेही दहा वर्षं गिळून गिळून. घशाशी आलं की गिळायचं, हीच सवय. थू असल्या सवयीवर!

परभणीत माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. एका जुन्या मासिकात शर्यतीच्या गाडीचं चित्र सापडलं — लांबुडकं अंग, चारी चाकं उघडी, वर टप नाही. तसली बनवायचं खूळ शिरलं डोक्यात. वेल्डिंगला झरीचा दगडूदादा. त्यानं जोडलेला नांगर वाकेल पण वेल्डिंगचा टाका सुटणार नाही, असं लोक म्हणायचे. चालवायला त्याचा धाकटा भाऊ केशव.

पहिली गाडी लोखंडी अँगलची. मोंढ्यातल्या धान्य तोलायच्या काट्यावर नेली तर चारशे किलो! हमाल हसले — ही पळणार का नांगरणार? मग दुसरी केली नळ्यांची. तिसरीला पत्रा पातळ, सीट नुसतं तरटाचं. दरवेळी काट्यावर न्यायची, दरवेळी वजन उतरायचं. मला लय झिंग चढली. चौथी अडीचशेच्या आत, असं साऱ्या मोंढ्यात छाती ठोकून सांगितलं. भरली किती? अडीचशेवर पाव किलो.

पाव किलो! काय बिघडलं असतं हो? कोण फाशी देणार होतं मला?

चाकं वळवणाऱ्या जाड पट्टीला हात लावायचा न्हाई, असं दगडूदादानं बजावलं होतं. मी तिलाच नऊ छिद्रं पाडली. त्याला दिसू नयेत म्हणून पुट्टी भरली, वर लाल रंग मारला. काट्यावर गाडी अडीचशेच्या आत आली, हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत होतो — आठवलं की शिसारी येते.

झरीच्या माळावर केशवनं गाडी पळवून बघितली; दुसऱ्याच वळणाला पट्टी तुटली. गाडी उलटली, केशव खाली. सगळे त्याला काढायला धावले. आणि मी? मी पट्टीचे तुकडे वेचून शर्टात कोंबले. तो पाणी पाणी करत होता — मी लोखंड लपवत होतो.

केशवचे पाय गेले, कायमचे. दवाखान्यात दगडूदादानं विचारलं, काय तुटलं? मी म्हणालो, "तुझा टाका सुटला, दादा."

दाखव म्हणाला नाही. नुसता स्वतःच्या हातांकडं बघत राहिला.

त्यानं वेल्डिंग सोडलं. आता खुरप्या-कुऱ्हाडींना धार लावतो. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतो, वेल्डिंगचा होल्डर तेवढा मांडत नाही. दरवर्षी मला जेवायला बोलावतो — आणि मी जातो, पोळी खातो! असला निगरगट्ट.

गेल्या महिन्यात केशवच्या तीनचाकीचा पाइप तुटला. दगडूदादा ती ढकलत माझ्या दुकानात घेऊन आला. केशव वर बसलेला.

"तूच जोड, भाऊ," दगडूदादा म्हणाला. "माझा हात नको लागायला त्याला."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? दोघं समोर होते. मी खाली बसलो, वेल्डिंगची काच तोंडावर ओढली आणि पाइप जोडला.

पट्टीचे तुकडे अजून दुकानात आहेत, नटबोल्टच्या डब्याखाली. तुटलीय ती छिद्रांतून. टोकाला दगडूदादाचा टाका आहे — जसाच्या तसा.