ओळखीत कुणालाच नसलेला आजार

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुणी आजारी पडावं आणि माझ्या बायकोच्या मामांनी त्याला भेटायला जाऊ नये, असं कधी घडलं नाही. ताप आधी आजाऱ्याला कळतो की मामांना, याबद्दल त्यांच्या वडगाव निंबाळकरात दुमत होतं. उसाचं पाणी अर्ध्यावर टाकून मामा लुनावर टांग टाकायचे. दवाखान्यात पोचले तरी बूड टेकायचं नाही. सलाईनची बाटली निरखायची, बंद खिडकी उघडायची, उघडी लावायची, शेजारच्या खाटेवरचा कागद वाचायचा आणि या येरझाऱ्यांतच एक दाखला द्यायचा. मुतखडा असो, कावीळ असो, "पिंपळीच्या एका पैलवानाला हेच झालतं. आता कुस्त्या मारतोय!" मी एकदा मुद्दाम पिंपळीत चौकशी केली. इतके आजार झालेला पैलवान तिथे कुणाच्या ऐकिवात नव्हता. एकदा तर भलत्याच खोलीत शिरून मामांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला तासभर धीर दिला. तो बरा झाला आणि नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास संध्याकाळ झाली, की मामांच्या पापण्या खाली यायला लागल्या, जीभ जड झाली. सुपारीचंही व्यसन नसलेल्या माणसाने या वयात घ्यायला सुरुवात केली, असा गावभर बोभाटा झाला. मामींनी कडब्याची गंजी उपसून बाटली शोधली. पुण्याला छातीचे फोटो निघाले तेव्हा बाटली निर्दोष ठरली. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती कामाची, मोठेपणी सुकत जाते. मामांच्या त्या ग्रंथीत कर्करोगाची गाठ होती, तिच्यापायीच स्नायू थकून पापण्या मिटत होत्या; आणि कवच फोडून रोग फुप्फुसावरच्या पातळ आवरणावर पसरला होता. "बांध फुटून पानी शेजारच्या रानात गेलंय," मामांनी मलाच समजावलं. रोगाला ते फारसे भ्यायले नाहीत. पण "हा आजार फार क्वचित होतो," असं डॉक्टर म्हणाले आणि मामा हादरले.

मग सुरू झाली पळापळ. हा आजार होऊन बरा झालेला एक तरी माणूस मामांना हवा होता. गोळीने डोळे जरा उघडले, की स्वारी निघाली. इंदापूर, भिगवण, एकही डॉक्टर, एकही कंपाउंडर त्यांनी सोडला नाही. घरी भेटायला येणाऱ्यांचीही पंचाईत व्हायची. द्यायला दाखलाच नाही; बिचारे बिस्किटांचा पुडा ठेवून ऊसतोडीवर बोलत बसायचे. "एक बी मानूस न्हाय व्हय वं, जावईबापू, दोन तालुक्यांत?" मामा विचारायचे. मला त्यांचा राग यायचा, कारण मला रडू येत असायचं.

शेवटी पुण्याच्या दवाखान्यात, किरणोपचाराच्या रांगेत, तपासणीचे कागद घेऊन आलेला डाळजचा एक शेतकरी भेटला. त्याच्या बायकोला तीच गाठ होती. मामांना कोण आनंद झाला! पण बाई बरी झालेली नव्हती. छातीचं हाड कापून गाठ काढायची म्हटल्यावर घाबरून घरी पळाली होती. मामांनी मला बखोटीला धरलं आणि परस्पर डाळजची एसटी गाठली.

बाई ओट्यावर मेथी निवडत होती. मी पैलवानाची वाट पाहत होतो. मामा मात्र गपकन तिच्यासमोर बसले.

"मामा, तुमास्नी बी हेच हाय म्हनत्यात," ती म्हणाली. "बरं हुतं का वं?"

"माजं पसरलंय, बाय. मला उशीर झाला. तुजं अजून कवचात हाय. काढून घे."

बाईने डोळ्यांना पदर लावला. "अन् लई दुखलं तर?"

"तर मला शिव्या घाल. मी हाय की ऐकायला."

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्याच्या गर्दीत ती बाई मामींपुढे येऊन उभी राहिली. मी ओळखलं, मामींनी नाही. "तुमी कुठल्या वं?" त्यांनी विचारलं. तिने गळ्याशी पदर जरा बाजूला केला. हाड कापल्याची खूण तिथून खाली गेली होती.

"लई दुखलं, मामी," ती म्हणाली. "मामास्नी शिव्या घालायच्या ऱ्हायल्या."