गाडीवर माणूस नव्हता

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका पोळ्याच्या दिवशी झालेला ट्रॅक्टरचा अपघात मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. कागदावर ते प्रकरण अगदी किरकोळ होतं, आणि मीही ते तसंच उरकून टाकायला निघालो होतो.

साठीच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, आमचा सगळा कारभार धुळ्याहून चाले. मी शहादे तालुक्यात फौजदार होतो. तापीकाठच्या गावांतून तेव्हा नुकते ट्रॅक्टर दिसू लागले होते. एखाद्या गावात ट्रॅक्टर आला की आठ दिवस पोरं शाळेत जात नसत आणि मोठी माणसं शेतात.

पोळ्याला आमचा बंदोबस्त असे. कुणाचा बैल वेशीतून आधी जायचा, या मानावरून डोकी फुटत. त्या वर्षी मी सकाळपासून म्हसावदला होतो. तिथलं सगळं शांततेत पार पडलं म्हणून जरा खुशीत परतलो, तर ठाण्याच्या व्हरांड्यात तीन माणसं बसलेली. एक तापीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील. दुसरा त्याच गावातला मोठा गुजर शेतकरी. सगळे त्याला बापू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तिसरा बापूचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, मोलगीकडच्या डोंगरातला भिल्ल, चांगला सहा फूट उंच. तो खाली फरशीवर बसला होता.

पोलीस पाटलाने वर्दी दिली. पोळ्याच्या मिरवणुकीत बापूचा नवा ट्रॅक्टर वेशीपाशी एकदम पुढे सुटला. तिथे मातीचे बैल विकायला बसलेल्या कुंभारणीच्या पायावरून चाक गेलं. म्हातारी तालुक्याच्या दवाखान्यात होती, मांडीचं हाड मोडलं होतं.

"चालवत कोण होतं?" मी विचारलं.

सालदार उठून उभा राहिला. "मीच चालाडी ऱ्हायंतू साहेब. मन्हा हातथीन व्हयनं."

"परवाना आहे?"

"नही साहेब."

आरोपी स्वतः हजर, गुन्हा कबूल, फिर्याद द्यायला पोलीस पाटील तयार. फौजदाराला याहून सोपं काय हवं! हवालदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली, सालदाराचा अंगठा घेतला आणि त्याला कोठडीत बसवलं. बापूने सगळा वेळ आपल्या टोपीशी चाळा केला. जाताना तो सालदाराकडे न बघता गेला, हे मी पाहिलं. पण भूक लागली होती आणि घरी पुरणपोळी वाट बघत होती, म्हणून पुढे विचार केला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचा जबाब घ्यायला हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण पाय धरायला वेळ लागेल. म्हातारी साठीच्या पुढची, अंगाने काटकुळी, पण आवाज खणखणीत. मी काही विचारण्याआधी तिनेच मला विचारलं, "मन्हा बैल कितला वाचनात, साहेब?"

तिच्या मातीच्या बैलांबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. मी विषय बदलला. "ट्रॅक्टरवर कोण बसलं होतं, मावशी?"

"कोनी नव्हतं."

"म्हणजे?"

"गाडीवर मानूसच नव्हता साहेब. हार दिखना, झूल दिखनी. मानूस काही दिखना नही. गाडी तिन्ही तीच उनी." गाडी आपली आपण आली, असं तिचं म्हणणं.

हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, म्हातारी बरळी ऱ्हायनी. औषधनी गुंगी शे." तो तिथलाच, बोलताना मराठी आणि अहिराणी दोन्ही सोयीने वापरी. मीही आधी तेच धरून चाललो. पण म्हातारीने मला पुढे तिच्या बैलांचे रंग, ते मांडले होते त्या रांगा, शेजारी बसलेल्या फुगेवाल्याने तिला दिलेला पानाचा विडा, सगळं बिनचूक सांगितलं. इतकं लख्ख आठवणाऱ्या बाईला सहा फुटी भिल्ल तेवढा दिसला नाही, हे काही मला पटेना.

लगेच सालदाराला बरोबर घेतलं आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याला निघालो.

वेशीपाशी चिखलात चाकाची खूण अजून होती आणि लाल-पिवळ्या मातीच्या ठिकऱ्या रुतलेल्या होत्या. तिथून बापूच्या खळ्यात गेलो. ट्रॅक्टर धुऊनपुसून उभा. पोळ्याची सजावट काढून ठेवलेली, पण दिव्यांच्या वरच्या बाजूला बैलाच्या शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ अजून तसाच होता. बापूने दोन्ही बैलजोड्या त्या वर्षी विकल्या होत्या आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टरला झूल घालून मिरवलं होतं. गावात असं पहिल्यांदाच झालं होतं.

पंच उभे केले आणि सालदाराला म्हणालो, "बैस वर. काल कसा चालवत होतास, दाखव."

तो चढला. सीटवर गोधडीची जाडजूड घडी बांधलेली होती. तिच्यावर बसल्यावर त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला अडकले आणि डोकं इतकं वर गेलं की पलीकडच्या गल्लीतूनही तो दिसला असता. त्याने पाय कुठे ठेवावा म्हणून खाली पाहिलं, मग बापूकडे पाहिलं.

"क्लच कोणता?" मी विचारलं.

त्याने ब्रेकवर पाय ठेवला.

पंचांपैकी एकाला हसू आलं, ते त्याने उपरण्यात दाबलं. मी वाकून पाहिलं. क्लच आणि ब्रेक, दोन्हींच्या दांड्यांवरचा रंग एका पट्ट्यात घासून निघाला होता आणि तिथे सुताच्या दोरीचे तंतू चिकटले होते. तिथे काहीतरी बांधलेलं होतं आणि ते घाईने सोडलं होतं. सीट उंच केलेली, पायाखाली काही बांधलेलं. ज्याचे पाय पुरत नाहीत अशा कुणासाठी हा सगळा खटाटोप, हे समजायला फौजदार असावं लागत नव्हतं.

सालदाराला बाजूला, कडुनिंबाखाली घेऊन बसलो. पोलिसी खाक्या वापरायची ती जागा नव्हती आणि तो माणूसही तसा नव्हता.

"खोटं बोलून तुरुंगात जाशील. तुझी बायको-मुलं वर मोलगीकडे आहेत ना? त्यांना कोण सांगणार?"

त्याने हातातली गवताची काडी मोडून टाकली. म्हणाला, "ती मन्हा खांदावर मोठी व्हयनी, साहेब." एवढंच. पुढे कितीही विचारलं तरी तोंड उघडलं नाही.

"ती" म्हणाला होता तो. मी पोरगा शोधत होतो.

बापूला ओसरीवर बसवलं. आधी त्याने मानी माणसासारखं सगळं उडवून लावलं. गावातली माणसं जळतात, म्हातारीला दिसत नाही, दोरी औताची असेल. मी पंचनाम्यातलं क्लचचं वाक्य त्याला वाचून दाखवलं. मग तो खचला.

"साहेब, पोयाना दिन घरना पोऱ्या बैल धरस," तो म्हणाला. "मन्हा घर पोऱ्या नही. बैल इकात तवय गाव म्हनी, बापूना पोया सरना. मंग मी आंडेरले बठाडं. महिनाभर खळामा शिकाडं तिले. इतली चांगली चालाडे साहेब, इतली चांगली..."

बोलता बोलता त्याचा चेहरा क्षणभर उजळला. पोरीचं, त्याच्या आंडेरचं, कौतुक त्या अवस्थेतही त्याला लपवता येत नव्हतं. मुलगी दहा वर्षांची होती. हार आणि झुलीमागे ती म्हातारीला दिसलीच नव्हती.

"आणि सालदार?"

"तो आपला म्हने, मी जास, गावबी गप ऱ्हायनं. मी नही म्हनाले पाहिजे व्हतं." त्याने हात जोडले. "पोरनं नाव कागदवर नका आनू साहेब. उद्या तिनं लगीन कोन करी?"

तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी आली. दोन घट्ट वेण्या, शाळेचा परकर, पुढ्यात ओच्यात काहीतरी जड धरलेलं. तिची आई मागून तिला ओढत होती, पण ती थांबली नाही. माझ्यासमोर येऊन तिने ओचा सोडला. बाभळीचे दोन ठोकळे ओसरीवर पडले. बैलाच्या कासऱ्याची दोरी त्यांना अजून गुंडाळलेली होती.

"मी चालाडी ऱ्हायंती," ती म्हणाली. "ढोल वाजना, बापूनी सांगं थांब. मी क्लचवर उभी ऱ्हायनी. ठोकळा फिरी गया न पाय सरकना. काका गाडीवर नव्हता. काकाले सोडी द्या."

सालदाराला ती काका म्हणत होती. तिच्या आईने सांगितलं, काल दुपारपासून पोटात अन्नाचा कण नाही. ठोकळे गवताच्या गंजीत टाकलेले होते, ते हिनेच शोधून काढले होते.

मला बापूचा भयंकर राग आला. अपघाताचा तर आलाच, पण आपल्यामुळे काका तुरुंगात जातो आणि घरची सगळी मोठी माणसं गप्प बसतात, हे त्या पोरीला जन्मभर वागवावं लागलं असतं, याचा जास्त. मी आवाज चढवला. "ज्या मुलीचे पाय पुरत नाहीत तिच्यासाठी तुम्ही ठोकळे बांधता? पाय लांब केलेत, आणि समज? ती कुठल्या दोरीने बांधणार होता? दहा वर्षांच्या पोरीची चूक नाही ही. कायदाही या वयाच्या लेकराला मोठ्या माणसासारखं धरत नाही. यंत्र तुमचं, मुलगी तुमची, ठोकळेही तुम्हीच तासलेत. गुन्हा तुमचा आहे."

एवढं सुनावताना माझी नजर हवालदाराकडे गेली. तो आढ्याकडे बघत होता. का ते मला लगेच कळलं. माझ्या सात वर्षांच्या मुलाला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून, हँडल त्याच्या हातात देऊन मी दर रविवारी पोलीस लाइनीत चकरा मारी. सगळे शिपाई टाळ्या वाजवत आणि मी मिशीतल्या मिशीत हसे. माझा आवाज आपोआप खाली आला.

बापूने मुलीकडे पाहिलं. मग उठला, अंगणात गेला आणि सालदारापुढे त्याने डोक्यावरची टोपी काढली. त्या काळात, त्या गावात, मालकाने सालदारापुढे टोपी काढायची म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिखा साहेब. मन्हं नाव लिखा."

सालदाराला मी सोडून दिलं आणि त्याचा जबाब साक्षीदार म्हणून नव्याने घेतला. खोटं बोलल्याबद्दल त्याला रागावलो, पण ते रागावणं काही जमलं नाही. बापूवर अल्पवयीन मुलीच्या हाती वाहन दिल्याचा आणि पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल केला. कोर्टात त्याने एकही आडवळण न घेता सगळं मान्य केलं आणि शिक्षा भोगली. मुलीचं नाव जबाबात आलं, आणि त्याने काहीही बिघडलं नाही. पुढे तिचं लग्न चांगल्या घरी झालं.

मुलीला मी त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं, बापूच्या परवानगीने. ती म्हातारीच्या खाटेपाशी उभी राहिली. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू व्हती का माय गाडीवर? मी म्हनू, भूत व्हतं." पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं, आणि लगेच रडूही.

पुढच्या पोळ्याला मी मुद्दाम त्याच गावचा बंदोबस्त घेतला. बापूने एक बैलजोडी पुन्हा घेतली होती. तिचा कासरा धरून मुलगी वेशीतून चालत गेली आणि कुणी काही म्हटलं नाही. ट्रॅक्टर खळ्यातच उभा होता, पूजा तिथेच झाली होती. मुलाचे पाय ठोकळ्याशिवाय पुरेपर्यंत त्याला चाकाला हात लावू द्यायचा नाही, असं गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपसांत ठरवलं होतं. तोवर गावात असे ट्रॅक्टरवाले चार झाले होते.

कुंभारीण वेशीपाशी नेहमीच्या जागी बसली होती, पाय थोडा आखडलेला, शेजारी काठी. तिच्या मातीच्या बैलांची शिंगं वर्षभर शाळा सुटल्यावर येऊन बापूच्या मुलीने रंगवली होती, हे तिने मला येता-जाता तीनदा सांगितलं. मग टोपलीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. मातीचा ट्रॅक्टर होता. त्यावर बसवलेला माणूस इतका मोठा की त्याचे पाय ट्रॅक्टरच्याही खाली लोंबत होते.

"आते देखा साहेब," म्हातारी म्हणाली, "गाडीवर मानूस शे का नही?"

माणसं चुका करतात, त्या झाकतात, आणि झाकायला दुसऱ्याला पुढे करतात, हे मला पोलिसाच्या नोकरीने शिकवलंच होतं. वेळेवर कुणी नीट विचारलं तर माणूस स्वतःहून टोपी काढून उभाही राहतो, हे मात्र या प्रकरणाने शिकवलं. पुढच्या नोकरीत मला त्याचा फार उपयोग झाला.

तो मातीचा ट्रॅक्टर मी घरी नेला. मुलगा धावत आला, हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "बाबा, ड्रायव्हर एवढा मोठा असतो का?"

"एवढाच असावा लागतो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या मोटरसायकलकडे पाहिलं. त्या पोळ्यापासून वर्षभर मी त्याला टाकीवर बसवलं नव्हतं आणि का ते सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी त्याला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.