नापास बाटल्या

ज्युलिएट पाचूबंदरची. तोंडाने फटकळ, पण लेकीचं नाव निघालं की पाणी पाणी व्हायची. अर्धं आयुष्य मासळी विकली. मग ठरल्या वेळी घरी येता यावं म्हणून कामणच्या एका प्रयोगशाळेत झाडलोटीला लागली. घरी एमिली, एकुलती एक लेक. ऐन विशीतली पोर उंबरठा ओलांडतानाही धापा टाकायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शरीराच्या पेशींना ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया तिच्यात जन्मापासून अधू आहेत. औषध नाही.

आणि देवाची करणी बघा, या प्रयोगशाळेत काम चालायचं ते नेमकं त्याच मायटोकॉन्ड्रियावर! तिथला संशोधक मितेश उंदरांना थेट मायटोकॉन्ड्रियात जाणारं पेप्टाइड नावाचं नवं औषध टोचायचा. मरगळलेले उंदीर चाकावर पळायला लागलेले ज्युलिएटने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग काय, बाई त्याच्या मागेच लागली.

"माज्या पोरीला एकदा दे की रे."

"मावशी, हे माणसांसाठी नाही. अजून वर्षं लागतील."

"तवर ती ऱ्हायल का?"

मितेश उंदरांच्या पिंजऱ्याकडे वळला.

एके दिवशी त्याने बाटल्यांचा एक खोका बाजूला काढला. म्हणाला, "हा लॉट नापास. जाळायला पाठवायचाय."

जाळायला? ज्युलिएटचा जीव तळमळला. अहो, बंदरावर चांगला पापलेट लिलावाला जातो आणि पोट फुटलेला घरच्या कालवणात. टाकून कोण देतं? नापास म्हणजे तिला एवढंच कळलं, गिऱ्हाइकाला चालत नाही, घरी चालतं. दोन बाटल्या पिशवीत टाकताना तिला चोरी केल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. काय बोलायचं आता या बाईला!

सासूला रोज इन्सुलिन टोचून ज्युलिएटचा हात बसलेला होता. एमिलीने हसत दंड पुढे केला. "आये, बरी झाले की मी चालत चर्चला मिस्साला जाईन."

दुपारी पोरीला हुडहुडी भरली. औषध लागू पडतंय असं वाटून ज्युलिएट उशाशी बसून राहिली. त्यातच वेळ गेला. इस्पितळात तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरांचा फोन जाताच मितेश धावत आला.

"मावशी, त्यात जंतू सापडले होते! म्हणून तर नापास केला!"

एमिली गेली.

मातीला अख्खं बंदर लोटलं. "जन्माची आजारी पोर, सुटली बिचारी," जो तो म्हणत होता. ज्युलिएट एकेकीचा हात धरून सांगत होती, "आजाराने नाय गेली गो. मी टोचलं तिला, मी!"

"दुःखाने काहीबाही बोलते," म्हणत बायकांनी तिचे डोळे पुसले, आणि तिला धरून खाली बसवलं.