फाटकावरचे स्वच्छ चेहरे

आरसा खरं बोलतो म्हणून लोक काकांकडे फोटो काढायला जातात, असा आमच्या गल्लीतला विनोद होता. काकांना तो प्रशस्तिपत्रकासारखा वाटायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते त्याची कॉलर सारखी करायचे, हनुवटी जराशी उचलायचे आणि म्हणायचे, "आता असं बघा, जणू बायको म्हणाली, तुमचंच बरोबर होतं."

आतून काकू ओरडायची, "अहो, शक्य असेल असं काहीतरी सांगा!"

गिऱ्हाईक हसलं की काका बटण दाबायचे. मग कॉम्प्युटरवर मुरुमं, चट्टे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं निघून जायची. कोणाला विचारायची पद्धत नव्हती. मी त्यांची पुतणी, शिकायला त्यांच्याकडेच राहायचे. मलाही ते कधी खटकलं नाही.

भूकंपात बाजाराची समोरची बाजू बसली, आमची उभी राहिली. शाळेत छावणी लागली. ज्यांच्या घरचं कोणीच सापडलं नव्हतं अशी मुलं वरच्या वर्गात ठेवली होती. त्यांना सांभाळणारी नर्स काकांकडे आली.

"फाटकावर बोर्ड लावायचाय. मुलांचे फोटो काढून द्या. नातेवाईक बघतील, ओळखतील, घेऊन जातील."

काकांनी कॅमेऱ्याबरोबर बादली, साबण, कंगवा आणि स्टुडिओतला निळा शर्ट नेला. कॅमेऱ्यापुढे येईल त्या मुलाचं तोंड धुतलं, भांग पाडला, शर्ट चढवला. एक लहान मुलगी भूकंपापासून बोललीच नव्हती. नावही सांगत नव्हती, म्हणून नर्स तिला चिमणी म्हणायची. तिला शोधणाऱ्याला फोटोशिवाय दुसरा आधार नव्हता. काकांनी मांजराचा आवाज काढला, उंदराचा काढला, शेवटी स्वतःच्याच पायात अडखळल्याचं सोंग केलं. ती हसली. काका घरी येऊन काकूला म्हणाले, "हसवलं की नाही!"

मुलांच्या चेहऱ्यांवर खरचटलेलं होतं, वळ होते, धुऊनही न निघालेली काजळी होती. काका एकेक पुसत गेले. चिमणीच्या गालावर कानाजवळ वाटाण्याएवढा डाग होता, तोही गेला.

बोर्ड लागला. "पोरं अगदी बक्षीस समारंभाला उभी राहिल्यासारखी दिसतात," असं कोणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून काका रोज बोर्डाजवळ चक्कर मारू लागले. हात मागे बांधून उभे राहायचे, कोणी विचारतंय का याची वाट बघत.

काही मुलं गेली. चिमणी राहिली. तिला आणि उरलेल्यांना उद्या दूरच्या बालगृहात नेणार, असं नर्सने सांगितलं. त्याच दुपारी एक ट्रकड्रायव्हर काच तडकलेला मोबाईल घेऊन स्टुडिओत आला.

"यातला हा फोटो मोठा करून द्या, दादा. माझी भाची. सगळ्या छावण्यांत चिकटवतो."

काकांनी फोटो स्क्रीनवर उघडला. गालावर, कानाजवळ, डाग.

"शाळेच्या फाटकावरचा बोर्ड बघितलात?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"दोनदा बघितला. एक पोर जराशी तिच्यासारखी वाटली. पण तिचा गाल कोरा. आमच्या हिला जन्मखूण आहे ना. आणि ती बोर्डावरची कशी खिदळत होती! आईबाप गेल्यावर कुठलं पोर असं हसेल, दादा?"

काकू दारात उभी होती. काका उठले. "चला, मी येतो बरोबर. छपाईत कधी कधी बारीकसारीक उडतं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिली. मग चप्पल घालून तीही निघाली. तिच्या मागोमाग मी.

चिमणी मामाला बघताच पळत आली आणि त्याच्या पायाला घट्ट चिकटली. तो खाली बसला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेऊ लागला. "तुझा मामा आंधळा गं! दोनदा समोर आलो आणि ओळखलं नाही तुला. सख्खा मामा ना मी?"

नर्सने त्याचे हात धरले. तरी तो तेच तेच म्हणत होता. काकू हळू आवाजात म्हणाली, "अहो. तो स्वतःला मारतोय."

"छपाईत काही झालं नव्हतं," काका म्हणाले. "डाग मी काढला. सगळ्यांचेच काढतो. हसवलंही मीच."

ड्रायव्हरने भाचीला उचललं आणि तिचा तो गाल आपल्या तळव्याने झाकला. जणू काका परत काहीतरी काढून घेतील.

काकांनी मूळ फोटो छापले, वळांसकट, काजळीसकट. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते स्वतः बोर्डावर लावू लागले. ओळखीचा न्हावी थांबला. "काका, आधीचे किती छान होते!"

"हो ना," एवढंच काका म्हणाले.

नर्सने बालगृहाची गाडी परत पाठवली होती. ती बोर्डापाशी आली. "आणि जे आधी बघून गेले, त्यांचं काय?"

काकांनी स्कूटर काढली. त्यांच्या तोंडून धड वाक्य निघेल याची काकूला खात्री नव्हती, म्हणून मला मागे बसायला लावलं.

पहिली छावणी गोदामात होती. जेवणाच्या रांगेसमोर काका उभे राहिले. "शाळेच्या फाटकावरचा बोर्ड परत बघा. आधीचे फोटो मी बिघडवले होते." आवाज त्यांच्या शर्टाच्या बाहेर पडला नाही. मी पुढे होणार तेवढ्यात रांगेतल्या एका म्हातारीने कानाला हात लावला.

"काय म्हणालास, बाबा? जोरात बोल."

काका जोरात बोलले.