उपटबाईंची टेस्ट

भोईरबाई कुणाला माफ करत नसत. लोक राग गिळतात, विसरतात, लग्नकार्यात भेटले की हसून बोलतात. बाईंना यातलं काहीच जमत नसे. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या एका वडेवाल्याने त्यांना एकदा कालचा वडा गरम करून दिला होता. त्यानंतर कित्येक वर्षं त्या शेजारच्या गाडीवरून वडापाव घ्यायच्या आणि या वडेवाल्यासमोर उभं राहून, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खायच्या. बोलायच्या काही नाहीत. "शिळं दिलं त्याचं काही नाही रे," मला म्हणाल्या, "ताजं आहे म्हणाला, ते लागलं."

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत आम्ही एकत्र होतो. हॉस्पिटलं, लॅब, पतपेढ्या यांना सर्व्हर बसवून द्यायचं काम. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, डोंबिवलीजवळच्या गावातल्या आगरी घरातल्या. घरच्या शेतावर टॉवर उभे राहिले होते, नोकरीची गरज नव्हती. तरी रोज सगळ्यांच्या आधी हजर. बसवलेली यंत्रणा तपासणं त्यांच्याकडे होतं आणि त्यांची पद्धत एकच: चालू मशीनची वायर उपटायची. म्हणून आम्ही त्यांना उपटबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही असावं.

आमची यंत्रणा समजायला सोपी होती. दोन सर्व्हर, आणि दोघांची मिळून माहितीची एकच साठवण. जे एकावर लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसऱ्यावरही. एक बंद पडला तर दुसरा काम पुढे चालवणार. ही टेस्ट सगळेच करतात: एक बंद करायचा, दुसरा चालतो का बघायचं, पेढे वाटायचे. बाईंना त्यात रस नसे. त्या म्हणायच्या, "मेला की कळतं रे. दोघं जिवंत असताना त्यांचं बोलणं बंद झालं तर काय, ते दाखव." दोघांमधली वायर तुटली तर प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आता मालक मी. मग दोघंही आपापलं लिहीत सुटतात आणि माहितीचे दोन तुकडे होतात. ते होऊ नये म्हणून तिसरं एक छोटं मशीन वेगळ्या जागी ठेवतात. ते सांगतं, खरा मालक कोण. त्याला आम्ही साक्षीदार म्हणायचो.

कल्याणच्या एका हॉस्पिटलात आमच्या कंपनीच्या साहेबांनी साक्षीदार बसवलाच नाही. सोमवारी उद्घाटन होतं, पाहुणे ठरले होते. बाईंनी मधली वायर काढून बघितल्याशिवाय सही करायला नकार दिला. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. 'सर्व चाचण्या पूर्ण.' मी सही केली.

दीड महिन्याने एसीवाल्यांनी दोन मजल्यांवरच्या सर्व्हरमधली ती वायर चुकून कापली. त्या दिवसाचे अर्धे रक्ताचे रिपोर्ट एका सर्व्हरवर, अर्धे दुसऱ्यावर. एका पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सांगून टाकलं, टेस्टिंग भोईर मॅडमचं होतं. मी शेजारीच होतो. टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत बसलो. त्याच आठवड्यात बाईंना काढलं.

जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी घरची बोली यायची. "मना सगलं दिसलं," त्या म्हणाल्या. मग शांतपणे, शुद्ध मराठीत, "सही केलीस ते सोडून देईन कदाचित. गप्प बसलास, ते नाही."

चार वर्षांनी टेंभी नाक्याजवळच्या एका मोठ्या लॅबचं काम आम्हाला मिळालं. शेवटच्या तपासणीला लॅबने स्वतःचा माणूस आणला. दार उघडलं आणि भोईरबाई आत आल्या.

"चहा घ्या मॅडम," साहेब म्हणाले.

"टेस्ट झाल्यावर घेते." त्यांनी सर्व्हरकडे नजर टाकली. "साक्षीदार कुठे आहे?"

"स्वतंत्र आहे ना, मॅडम."

बाई माझ्याकडे वळल्या. "कुठे आहे रे?"

साहेबांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मला बाईंच्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली. "पहिल्या सर्व्हरच्या आतच बसवलाय," मी म्हणालो.

"मग काढ पहिल्याची वायर."

मी काढली. पहिल्याबरोबर साक्षीदारही गेला. दुसरा सर्व्हर एकटा उरला, खात्री द्यायला कुणी नाही, म्हणून तोही थांबला. सगळे पडदे गोठले. लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"कल्याणला यांनी याहून वाईट केलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि नाव माझं सांगितलं होतं. यालाच विचारा."

मी सांगितलं. टेस्ट झालीच नव्हती, सही माझी होती, आणि मीटिंगमध्ये जे सांगितलं ते खोटं होतं. साहेब फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. बाईंनी तेव्हा चहा मागवला आणि पूर्ण प्यायल्या. इतक्या खुशीत मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. ते काम आमच्या हातून गेलं, आणि संध्याकाळी माझी नोकरीही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "साहेबांचं झालं. तुझं बाकी आहे. सोमवारपासून माझ्याकडे ये."

त्यांनी तपासणीचं स्वतःचं काम सुरू केलं होतं. मी सहा वर्षं त्यांच्याकडे होतो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर त्या माझी ओळख करून द्यायच्या, "हा माझा सहकारी. याने एकदा न बघता सही केलेली." लोकांना विनोद वाटायचा. कुठलीही टेस्ट माझ्याकडून तीनदा करून घ्यायच्या, दोनदा नाही. तिसऱ्या वेळी खुर्ची ओढून समोर बसायच्या. माझ्या आईच्या आजारपणात मात्र दोन महिने माझं सगळं काम त्यांनीच केलं, आणि परत आलो त्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाला तीच ओळख करून दिली.

आजारी पडल्यावर त्या आंबिवलीला भावाकडे राहायला गेल्या. मी दर रविवारी जायचो. एकदा धीर करून विचारलं, "बाई, आता तरी माफ केलंत का?"

"नाही रे," म्हणाल्या. "प्रयत्न करून बघितला. नाही जमत. पण तू येत जा."

गेल्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. भावाचा फोन मला सकाळीच आला. मी विचारलं, कुणाकुणाला कळवू. तो म्हणाला, ज्यांना कळवायचं नाही त्यांची नावं ताईने स्वतः लिहून ठेवली आहेत. कागद दोन पानी होता. पहिलं नाव साहेबांचं होतं. मी दोन्ही पानं नीट वाचली, मग पुन्हा वाचली, आणि तिसऱ्यांदाही. माझं नाव त्यात नव्हतं.