आमच्या नायिकेची मिशी

नाटकात नटांना टाळ्या मिळतात आणि प्रॉम्प्टरला किस्से. विंगेत प्रत घेऊन उभं राहिलं, की तालीम असो वा प्रयोग, एखादा नवा किस्सा अंगावर येऊन पडणारच. लढाईच्या त्या वर्षांत नगरला आमचं एक हौशी नाटकमंडळ होतं आणि मी त्याचा प्रॉम्प्टर. आता मित्र जमले, की मी एक सुरू करायचा अवकाश, दुसरा लगेच म्हणतो, "अरे, तो नको, तो शालूचा सांग!" पण शालूचा मध्येच सांगून कसं चालेल? सुरुवात गोविंदरावांपासूनच करायला हवी.

*

गोविंदराव म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. शाळेत संस्कृत शिकवायचे. नाटक लिहिलेलं त्यांनी, बसवलेलं त्यांनी आणि नायकही तेच! नायक पंचविशीतला आणि गोविंदराव पन्नाशीचे. पण हे त्यांना सांगणार कोण?

तालीम म्हणजे त्यांचा वर्गच. वाक्य विसरलं, की शिक्षा. नायिकेच्या बापाचं काम आमच्या वकीलसाहेबांकडे होतं. कोर्टात हा माणूस तासन्‌तास बोलेल, पण नाटकातल्या चार ओळी पाठ होतील तर शपथ! एकदा गोविंदराव कडाडले, "अंगठे धरा!" साहेबांनी मुकाट्याने कोट काढला, वाकले आणि अंगठे धरले.

नेमका त्याच वेळी त्यांचा एक अशील त्यांना शोधत माळीवाड्यात आमच्या तालमीला आला. दारातच थबकला. वाकलेल्या साहेबांकडे बघून त्याने कपाळाला हात लावला.

"म्हंजी, केस हरलो व्हय आपन?"

*

आमची पेटी वाजवायचे योनामास्तर. मिशनच्या शाळेत शिक्षक, आणि रविवारी चर्चमध्येही पेटी त्यांचीच. चर्चमध्ये गाणं संपलं, की सगळे मिळून 'आमेन' म्हणतात, आणि त्यासाठी पेटीवाला शेवटी दोन सूर लांबवून देतो. मास्तरांच्या बोटांना ती सवय अशी जडली होती, की पहिल्याच प्रयोगात गणपतीची नांदी संपली आणि त्यांनी ते दोन सूर लांबवून दिले!

मास्तरांची चर्चमधली मंडळी पुढेच बसली होती. त्यांनी माना खाली घातल्या आणि एका सुरात म्हटलं, "आमेन!"

गोविंदराव विंगेत लाल झाले. "योनामास्तर, गणपतीला आमेन?"

"सवय हो. पण तुमची प्रार्थना चांगली झाली, म्हणून म्हणाले लोक," मास्तर शांतपणे म्हणाले.

पुढच्या प्रयोगात मास्तरांनी आठवणीने बोटं आवरली. नांदी संपली, पडदा वर जायची वेळ झाली, तरी गोविंदराव पेटीकडेच बघत उभे. शेवटी हळूच म्हणाले, "ते शेवटचं राहिलं हो. तेवढं उरकून घ्या."

*

लढाईमुळे रॉकेल मिळेना. पेट्रोमॅक्स काय पाण्यावर पेटवणार? मग आमचे प्रयोग दुपारी व्हायला लागले. तिसऱ्या अंकात नायिकेचा बाप अमावास्येच्या रात्री मुलीला शोधत रानात हिंडतो. मे महिना, मंडपाच्या भोकांतून प्रेक्षकांवर ऊन, वकीलसाहेब घामाने थबथबलेले.

"काय हा काळोख!" साहेब चाचपडत म्हणाले. "डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही! कुठे जाऊ मी?"

केडगावचा एक शेतकरी उठून उभा राहिला. त्याला मनापासून दया आली होती.

"सायेब, हिकडं आमच्यात येऊन बसा! हितं लई ऊन हाय!"

*

आता आमची नायिका. दामूअण्णा हे तिचं नाव! कोर्टात कारकून, अंगाने शेलाटा आणि गळा असा, की गाणं सुरू झालं की बायकासुद्धा बोलायच्या थांबत. त्या काळी आमच्यासारख्या मंडळात बायकांची कामं पुरुषच करत. अण्णा नेसायचा तो त्याच्या बायकोचा लग्नातला शालू.

वहिनी पहिल्यांदाच प्रयोगाला आल्या होत्या. दुसऱ्या अंकात नायिकेला मूर्च्छा येते. अण्णा धाडकन जमिनीवर कोसळला. प्रेक्षक हळहळले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने वहिनींचा आवाज आला, "अहो, उठा आधी! शालू आहे तो!"

नायिका उठली. शालू झटकला. कोपऱ्यातली चटई ओढून आणली आणि तिच्यावर पुन्हा बेशुद्ध पडली.

*

सुरुवातीचे प्रयोग अण्णाने तोंडावर पदर धरूनच निभावले, कारण पदराआड मिशी होती. लोकांना वाटायचं, नायिका फार लाजाळू आहे. शेवटी गोविंदरावांनी हुकूम सोडला, "मिशी जाणार!" अण्णाने ती काढली.

आता बाप असताना मिशी काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. मिशी काढलेला माणूस दिसला, की त्याचा बाप गेला असं लोक समजतात. अण्णाचे वडील, तात्या, पारनेरजवळच्या खेड्यात शेती करायचे. चांगले खणखणीत होते. आपला मुलगा लुगडं नेसून नाचतो, हे मात्र त्यांच्या कानावर नव्हतं.

गावचा एक पाहुणा बाजारात अण्णाला भेटला. बिनमिशीचं तोंड बघून त्याने अण्णाच्या गळ्यात पडून रडायलाच सुरुवात केली. खरं सांगावं तर नाटक बाहेर पडतं! अण्णाने नुसती मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी भरून नातेवाईक रडत-ओरडत तात्यांच्या दारात उतरले. तात्या घाबरून बाहेर आले.

"अगं, कोन गेलं?"

त्यांच्या थोरल्या बहिणीने डोळ्यांवरचा पदर काढला, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू!"

*

यावर आम्ही पोट धरून हसलो, पण अण्णा हसला नाही. तात्यांनी चौकशी करून सगळं काढलं होतं आणि निरोप धाडला होता, "बाप पायजे का लुगडं, एक काय ते ठरव." पुढचा प्रयोग आपला शेवटचा, असं अण्णाने सांगून टाकलं. "नाटक सोडलं तर मी निम्मा मरेन," तो म्हणाला, "आणि तात्या तुटले तर पुरता." मला फार वाईट वाटलं. त्याच्यासारखा गळा जिल्ह्यात नव्हता.

तोडगा काढला वकीलसाहेबांनी. पारनेरला तारखेला गेले, तसेच पुढे तात्यांच्या दारात जाऊन त्यांनी अक्षत दिली. "नगरला दुपारचं लग्न आहे. मुलीचा बाप मीच. आलंच पाहिजे!" दारात आलेली अक्षत नाकारता येत नाही. साहेब परत येऊन आम्हाला म्हणाले, "एक अक्षर खोटं बोललो नाही!"

तात्या आले. पांढरा फेटा, हातात आहेराचं लुगडं-चोळी. साहेबांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पडदा वर गेला आणि शालू नेसलेला मुलगा समोर! तात्या ताडकन उठले. अण्णाच्या गळ्यातून सूर फुटेना. मी विंगेतून वाक्य सांगतोय, पण त्याला ऐकू कुठे येतंय?

वकीलसाहेब रंगमंचाच्या कडेला आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "पाहुणे, अक्षत घेतलीत. लग्न लागायच्या आत निघालात?"

तात्या बसले. रागातच, पण बसले. योनामास्तरांनी पुन्हा सूर दिला आणि अण्णा गायला. तसा तो आधीही कधी गायला नव्हता आणि नंतरही नाही. तात्या खाली मान घालून ऐकत राहिले. मंगलाष्टकं झाली, तेव्हा त्यांनी अक्षता टाकल्या, तोंड दुसरीकडे फिरवून.

मग पाठवणी. मुलीला सासरी धाडताना नायिकेच्या बापाने जावयाशी दोन शब्द बोलायचे, असं नाटकात होतं. वकीलसाहेब पुढे झाले, तर तात्याच उठून वर आलेले. साहेब बाजूला सरले. तात्यांनी आहेराचं लुगडं अण्णाच्या ओटीत घातलं. मग वळून नवरदेव झालेल्या गोविंदरावांपुढे फेटा लववला आणि हात जोडले.

"जावईबापू, पोर लई गुनाची हाय आमची. तिला रागं भरू नका. तेवढं माझं भरून झालंय."